थांब्याचे चौकोन

"मॅडम, हे चौकोन कसले?" क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दस्तगीरचाचांनी नोटेशनचा नवा कागद वर धरला.

ऋजुताचा चेहरा उतरला. तिनं रचलेली ही पहिलीच धून बँड दहा मिनिटांत वाजवणार होता. घरच्या कॉम्प्युटरवर थांब्याची चिन्हं नीट दिसली होती. छपाईच्या दुकानात तो फॉन्टच नव्हता, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन उमटला होता.

"तिथं सूर धरून थांबायचंय, चाचा. सरावात तुम्ही सगळे न थांबता पुढं जात होता ना, तीच जागा. किती थांबायचं, ते मी हातानं दाखवीन."

"म्हणजे तुमच्याकडं बघायला लागणार," चाचा म्हणाले. सरावात कुणीच कागदावरून मान वर केली नव्हती.

पहिला चौकोन आला आणि बावीस जणांचे डोळे तिच्यावर खिळले. हात खाली आणायचं ती विसरलीच. सूर लांबत गेला, सभागृह चिडीचूप झालं, तिला हसू फुटलं. मग तिनं हात सोडला आणि बँड उसळून पुढं निघाला.

कार्यक्रमानंतर चाचा घाम पुसत आले.

"पोरी, थांबव आम्हाला खुशाल. पण आमच्या वयाचा दम बघून."