चार नंबरचं कार्ड

"काय दाजी, आजपण चारच?" हॉइटने खांद्यावरून कार्डात डोकावत विचारलं.

"चारच. मी एकाच जागेशी इमान राखणारा माणूस," असं म्हणून वेंडेल क्रॅब्ट्रीने ठसठशीत चार काढला आणि कार्ड खिडकीतून मिस ओलीनकडे सरकवलं.

अलाबामातल्या त्या सरकारी शिकारीच्या रानात शिरायचं तर चौकीवर कार्ड भरावं लागे. नाव, गाडीचा नंबर आणि कुठल्या भागात बसणार तो आकडा. बाहेर पडताना त्याच कार्डावर सही. मिस ओलीन सतरा वर्षं त्या खिडकीत होती. तिने कानावरची पेन्सिल काढून कार्डावर काहीतरी खरडलं आणि ते खोक्यात टाकलं.

"शनिवार आहे, वेंडेल. दुपारी बाराला मी कार्डं मोजते. कोणाची सही राहिली तर माणसं पाठवते. उगाच धावाधाव करायला लावू नका."

"आजवर लावली का?"

भिंतीवर दर मोसमातल्या हरणांच्या सर्वांत मोठ्या शिंगांचे फोटो होते. गेल्या अकरा वर्षांत सहा फोटो वेंडेलचे होते, हॉइटचा एकही नव्हता. हॉइट त्याच्या बायकोचा, वर्नाचा, धाकटा भाऊ. वर्ना गेली त्या वर्षापासून वेंडेल या रानात एकटाच येई, आणि मेहुण्याला शिंगांवरून चिडवण्यापलीकडे दोघांचं फारसं बोलणं उरलं नव्हतं.

वेंडेलने गाडी चारच्या फाटकाशी, सगळ्यांना दिसेल अशी लावली. मग अंधारातच धनुष्य पाठीला अडकवून तो दीड मैल उलट दिशेला चालत गेला. तो बसायचा अकरा नंबरच्या भागात. रान सगळ्यांचं होतं, जो आधी पोचेल त्याची जागा. म्हणून चांगली जागा जपायची तर खोटं बोलावंच लागे, आणि वेंडेल अकरा वर्षं बिनचूक खोटं बोलत आला होता.

वाटेत ओढा लागे. त्यावर ओकचा एक ओंडका आडवा पडलेला होता, पाय घसरू नये असा, वरून सपाट. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात पहिला ओंडका वाहून गेला तेव्हा वेंडेल हळहळला होता. पुढच्या मोसमात येऊन बघतो तर त्याच जागी दुसरा. रानसुद्धा आपल्याच बाजूचं आहे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

उजाडता उजाडता तो झाडाला लावलेल्या पायऱ्यांवरून मचाणाकडे चढायला लागला. अडुसष्टाव्या वर्षीही तो कंबरेला पट्टा बांधत नसे. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला, आणि मांडीचं हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच ऐकला.

कळ ओसरल्यावर त्याने हिशोब मांडला. फोन गाडीत होता. या ओढ्याकाठी तसाही त्याचा उपयोग नव्हता. उठता येत नव्हतं, सरपटणंही जमत नव्हतं. पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. चौकीची पद्धत त्याला तोंडपाठ होती. झाडाला पाठ टेकून त्याने खिशातल्या उकडलेल्या शेंगा काढल्या आणि एकेक सोलून खायला सुरुवात केली. बारापर्यंत दम धरायचा, एवढंच.

सकाळी अकराच्या सुमाराला त्याने ते सगळं डोळ्यांपुढे आणलं. मिस ओलीन कार्डं मोजते. एक उरतं, बिनसहीचं. ती नाव वाचते, वनरक्षकाला हाक मारते. तो कार्ड घेतो, गाडी काढतो, आणि सरळ जातो चारमध्ये.

वेंडेलच्या हातातली शेंग तशीच राहिली.

चारमध्ये त्याची गाडी उभी होती. माणसं तिथेच शोधणार, आज आणि उद्यासुद्धा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला रानात भीती वाटली. तो घसा फुटेस्तोवर ओरडला. इथून हाक कुठेच पोचत नाही, म्हणून तर त्याने ही जागा निवडली होती.

साडेबारा वाजले असतील. कोणीतरी शीळ घालत आलं. इकडेतिकडे न बघता, हाकही न मारता, हॉइट सरळ त्याच्या झाडाखाली येऊन उभा राहिला. मागे वनरक्षक स्ट्रेचर घेऊन होता.

"पट्टा बांधत नाही ना तुम्ही," हॉइट म्हणाला. "वर्ना असती तर कान उपटले असते."

"चारमध्ये आधी शोधलंत का?"

"चारमध्ये कशाला?"

पायाला फळी बांधून झाल्यावर हॉइटने खिशातून कार्ड काढून पुढे धरलं. "सही करा दाजी. मिस ओलीनला खिडकी बंद करायचीय."

वेंडेलच्या ठसठशीत चारच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, अकरा.

"कधीपासून माहीत आहे तिला?"

"तुम्ही पहिल्यांदा चार लिहिलंत त्या दिवसापासून. चौकीवर सगळ्यांनाच माहीत आहे."

"आणि तुला?"

हॉइट नुसता हसला.

"मग तू कधी इथे येऊन बसला का नाहीस?" वेंडेलने विचारलं. "कोणीच कसं बसलं नाही?"

हॉइटने आणि वनरक्षकाने स्ट्रेचर उचललं आणि ते ओढ्याशी आले. वनरक्षकाने ओंडक्यावर पाय ठेवला तसा हॉइट मागून म्हणाला,

"मधे जरा जपून, टेकूचा एक खिळा वर आलाय. गेल्या रविवारी ठोकायचा राहिला माझ्याकडून."