थंड काच

आत्यानं बटण फिरवलं आणि बोट बाजूला घ्यायच्या आत गाणं सुरू झालं.

ती दचकली. पहिल्या नोकरीत घेतलेला हा अॅम्प्लिफायर. तेव्हापासून बटण फिरवलं की ती चष्मा पुसत बसायची. वरचे चार काचेचे व्हॉल्व्ह मंद तांबूस व्हायचे, हळूहळू तापायचे, मग कुठे आवाज यायचा; चष्म्याची दुसरी काच पुसून होईपर्यंत बरोबर. आज चष्मा अजून नाकावरच होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती आजच घरी आली होती. भाच्यानं रेकॉर्डवर सुई टेकवली होती आणि ‘आता तूच चालू कर’ म्हणून तो बाजूला उभा होता. भाचेसून मोबाइल धरून आत्याचा चेहरा टिपत होती.

"याच्या पोटातलं सगळं बदलून घेतलं," भाचा म्हणाला. आता घरघर नाही, सारखं झाकण उघडून बसणं नाही. आत तळहाताएवढी एक सर्किटची पट्टी, बास. ते अवजड ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीवाल्याकडंच टाकून दिले. आता एका हातानं उचलता येतो म्हणे.

"मला कुठं न्यायचा होता तो उचलून?"

"अगं, पण किती थांबायला लागायचं. आजकाल कोण थांबतं?"

"मी थांबायचे."

भाचेसुनेनं मोबाइल खाली घेतला. हौसेनं केलंय हो त्यांनी, ती म्हणाली. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

"त्यासाठीच विचारतात," आत्या म्हणाली.

गाणं स्वच्छ, लख्ख वाजत होतं. भाच्यानं घाईघाईनं व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. चारही तुझ्यासाठी मुद्दाम ठेवायला लावलेत, बघ कसे लकाकतायत.

ती बघतच होती. उजेड नारिंगी होता, पण काचेच्या आतून नव्हे, खालून येत होता.

ती काठी टेकत उठली. सवयीनं हाताला रुमाल गुंडाळला आणि पहिला व्हॉल्व्ह उपसला. रुमालातूनही काच गार लागली. खालच्या खाचेत मसुराएवढा दिवा होता. गाणं चालूच होतं.

तिनं रुमाल टाकून दिला. दुसरा व्हॉल्व्ह उघड्या हातानं काढला. तिसरा. चौथा. गायिका एका सुरालाही अडखळली नाही.

चारही काचा मुठींत घट्ट धरून आत्या उभी राहिली. भाच्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, आता हिला पटलं.

"बघ," तो म्हणाला, "काढले तरी काही बिघडत नाही."