हरकत असल्यास

तिरोड्याच्या नव्या लेआउटमध्ये देवीदासच्या प्लॉटवर मधोमध मोहाचं झाड होतं. घर बांधायचं म्हणून त्यानं नगर परिषदेत ते तोडायचा अर्ज केला. खोडावर नोटीस लागली: कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.

त्या रात्री तो झाडाखालीच खाट टाकून झोपला. स्वप्नात घर बांधून झालं होतं. हॉलमधल्या चकचकीत फरशीवर त्याची वारलेली माय रिकामी टोपली घेऊन बसली होती आणि वर स्लॅबकडे बघत होती.

"उजाडलं ना, बाबू. मंग फुलं काऊन पडून नाई रायले?"

त्याला जाग आली तेव्हा खरंच उजाडत होतं. पांघरुणावर मोहाची फुलं टपटप पडत होती.

पाहणीला आलेले साहेब हातातले दोन्ही कागद बघून वैतागले. "झाड तोडायचा अर्ज तुमचाच आणि हरकतही तुमचीच? ऐसा कैसे चलेगा?"

देवीदास खाली बसून टोपलीत फुलं वेचत होता. मान वर न करता तो म्हणाला,

"हरकत मायची आहे, साहेब. तिले सही येत नाई, म्हणून मी केली."