आडवी दाढ

“हे माझे मिस्टर नाहीत,” ती म्हणाली. “किती वेळा सांगू?”

दातांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी अजून दिवासुद्धा लावला नव्हता. टेबलावर दोन एक्स-रे पडले होते. एक तिच्या नवऱ्याचा, लग्नाआधीचा. दुसरा, नदीच्या वाळूत सापडलेल्या जबड्याचा.

“अगं, आधी त्यांना बघू तर दे,” थोरला दीर म्हणाला. आवाजात भलतीच माया होती. एरवी हा माणूस तिच्याशी भिंतीकडे बघून बोलायचा.

“बघा की. मी काय कुणाचे डोळे धरलेत?”

पोलीस अधिकारी खुर्चीत चुळबुळला. “बाई, कपडे नाहीत, काही नाही. ओळख पटवायला दातच काय ते उरलेत.”

नवरा पुराच्या वर्षी एका सकाळी घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तेव्हापासून ती चालवत होती, घराच्याच पुढच्या खोलीत. घर सासऱ्यांचं. थोरल्याला ते विकायची घाई झालेली. गिऱ्हाईकही बघून ठेवलेलं. पण सासऱ्यांनी ठणकावलं होतं, “धाकटा येईपर्यंत या घराची वीट हलणार नाही.”

धाकटा येणारच नाही असं आज ठरलं, की वीट हलायला मोकळी. आणि तिनं लेकीचं बोट धरून जायचं कुठं? माहेरी भावजय दारसुद्धा अर्धंच उघडायची. म्हणून तर थोरला सकाळपासून ‘बिचारा माझा भाऊ’ करत फिरत होता. हातात पांढरा रुमाल होता, घडीसुद्धा न मोडलेला.

डॉक्टरांनी दिवा लावला आणि पहिला एक्स-रे वर धरला.

“हा तुमच्या मिस्टरांचा. ही खालची अक्कलदाढ बघा. हाडात आडवी पडलीय आणि पुढच्या दाढेला ढुशी देतेय. तेव्हाच म्हटलं होतं, काढून टाकू, नाहीतर पुढची चांगली दाढ हकनाक किडेल.”

“आणि ते पळाले,” ती म्हणाली.

“पळाला? अहो, गळ्यात बांधलेल्या फडक्यासकट पळाला! ते फडकं मला अजून मिळालेलं नाही.”

अधिकारी हसला आणि लगेच खोकला.

डॉक्टरांनी दुसरा एक्स-रे वर धरला. मग चष्मा पुसला. पुन्हा धरला.

“यात ती अक्कलदाढ नाही.”

“झालं तर मग!” ती उठलीच.

“बसा जरा.” डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट टेकवलं. “पुढच्या दाढेला मागच्या अंगानं खळगा आहे. आडवी दाढ टेकून टेकून पडतो तसा. जबड्याची ठेवणही पुष्कळ जुळते.”

थोरल्यानं रुमालाची घडी मोडली.

“दाढ कुणी काढून घेतली असेल तर हाड भरून येतं,” डॉक्टर म्हणाले. “मग असंच दिसेल. बाई, नीट आठवून सांगा. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेले होते का ते?”

तिनं पदर खोचला.

“ते? डॉक्टरकडे? अहो, लेकीला सुई टोचायची तर हे गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे! दाढ ठणकली की गाल धरून रात्रभर येरझाऱ्या, सकाळी विचारलं की ‘छे, काही नाही’. तुमच्या हातातून निसटलेला माणूस परक्याच्या हाती जबडा देईल? तुम्हीच सांगा. मी अडाणी असेन, पण ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्या तोंडात काय आहे ते मला ठाऊक नसेल का?”

“बाईमाणूस आहे, आशा सुटत नाही,” थोरला अधिकाऱ्याला म्हणाला.

“आशा माझी आहे, भाऊजी. तुम्हाला तिचं ओझं होत असेल तर खांदा बदला. पण भाऊ मेला म्हणून सांगायची एवढी घाई सख्ख्या भावाला? जनाची नाही तर मनाची तरी बाळगा!”

थोरल्याचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे पुन्हा शेजारी धरले, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

“तो माणूस खुर्चीत बसणं शक्य नाही, हे मी स्वतः पाहिलंय. आणि आडवी दाढ आपोआप नाहीशी होत नाही. हा जबडा त्याचा नाही.”

“मग बेवारसच,” अधिकारी उठत म्हणाला. “आम्हीच काय ते उरकून टाकू.”

“उरकू नका, साहेब. नीट करा,” ती म्हणाली. “कुणाचा तरी असेलच ना तो.”

बाहेर रस्त्यावर थोरल्यानं तिला गाठलं. “किती दिवस अशी अडून बसणार आहेस?”

“धाकटे येईपर्यंत. मामंजींनीच सांगितलंय ना?” असं म्हणून ती ताडताड चालू लागली.

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिनं त्याच्या घड्याळाला नवा काटा बसवला, कानाशी धरून टिकटिक ऐकली, दिलं. लेकीला शेजारणीकडे खेळायला धाडलं. मग दाराला आतून कडी घातली.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा परगावी फिरायला गेले होते, तेव्हा ठणका असह्य होऊन त्याला तिथल्या एका डॉक्टरच्या खुर्चीत बसावं लागलं होतं. तिचा हात घट्ट धरून तो शेवटपर्यंत बसला, लहान पोरासारखा रडला आणि घरी कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली. तिनं खणातली स्प्रिंगांची डबी उघडली, तळाच्या कापसातून ती दाढ काढून मुठीत धरली आणि मेलेल्या नवऱ्यासाठी पोटभर रडून घेतलं.