रिसीव्हर विकणे आहे

“तापतो हो फार. हात ठेवून बघा,” काकू म्हणाल्या. “शिवाय मधूनच गुणगुणतो. मेला कानाशी डास आल्यासारखा.”

तरुणाने टेबलावरच्या काळ्या खोक्यावर हात ठेवला. खोकं थंडगार होतं. गुणगुण तर औषधालाही नव्हती. चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासून तपासून त्याने माणसांचे बरेच नमुने पाहिले होते, पण विकायला काढलेल्या वस्तूला घरचंच माणूस नावं ठेवतंय, हे नवीन होतं.

रिसीव्हर त्याला हवाच होता. खोलीत चहूबाजूंनी स्पीकर लावायचे, सगळ्यांच्या वायरी या एका खोक्यात आणायच्या आणि घराचं थेटर करून टाकायचं, हे खूळ लग्नाआधीपासून त्याच्या डोक्यात होतं. हे मॉडेल आता निघत नव्हतं. ज्यांच्याकडे ते होतं त्यांची मतं तो इंटरनेटवर शोधून शोधून वाचायचा. कुणी लिहिलं होतं, सिनेमात पाऊस लागला की आम्ही वाळत घातलेले कपडे काढायला उठतो. कुणी लिहिलं होतं, घर विकेन पण हा विकणार नाही. त्याने ही मतं बायकोला वाचून दाखवली, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “आणि त्यांच्या बायका काय म्हणतात?”

इथली बायको काय म्हणते ते कळलंच होतं. काका मात्र वेगळ्याच रंगात होते. त्यांचा जन्म नाट्यगृहात ध्वनी सांभाळण्यात गेलेला.

“मागचे स्पीकर भिंतीला चिकटवू नका. आवाज कोंदतो,” ते सांगत होते. “मधल्यातून माणसं बोलतात. बाकीच्यांतून जग बोलतं. कळलं?”

तरुणाने खोक्यामागे वाकून वायरी पाहता पाहता विचारलं, “काका, रिमोट मूळचाच का?”

उत्तर आलं नाही. त्याने सरळ होऊन, समोर बघून पुन्हा विचारलं. मग रिमोटची सगळी कुळकथा निघाली, कुठलं बटण कधी अडकायचं आणि ते कसं सोडवलं, इथपर्यंत. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे बघायची काकांची सवय त्याच्या लक्षात आली. त्याने तिचा फार विचार केला नाही.

“आता ऐका,” म्हणत काकांनी सिनेमा लावला आणि खुर्चीत टेकून डोळे मिटले.

पडद्यावर अंधारं जंगल होतं. एक माणूस जपून पावलं टाकत चालला होता. खोलीत चिटपाखरू बोलेल तर शपथ.

“डावीकडून पाचोळा,” काका बोट उचलून म्हणाले. “आता मागे फांदी मोडली. वळून बघावंसं वाटलं की नाही?”

पडद्यावरचा माणूस खरोखरच दचकून मागे वळला. पण खोलीत ना पाचोळा वाजला होता, ना फांदी. तरुणाचं लक्ष खोक्याकडे गेलं. आवाज बंद असल्याची खूण त्यावर लुकलुकत होती. ती काकूंनीही पाहिली. त्यांनी हात लांबवून रिमोटचं बटण दाबलं, आणि रातकिडे, वारा, पाण्याचा खळाळ, सगळं जंगल एकदम खोलीत कोसळलं. तरुण जागच्या जागी उडाला.

काकांची पापणीही हलली नाही.

“आता नदी,” मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले. “उजवीकडून.”

नदी उजवीकडूनच आली. लोकांनी लिहिलं होतं त्याच्या दुप्पट सुंदर. तरुणाला सगळं उमगलं, पण मोह सुटेना. शेवटी ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे हा राहून करणार काय? काकांनी डोळे उघडल्यावर तो समोर जाऊन म्हणाला, “घेतो मी. गाडी दाराशी आणतो.”

काकांनी मान हलवली. खोक्यामागे बसून ते एकेक वायर काढू लागले. तासभर चाललेलं त्यांचं तोंड मिटलं ते मिटलंच.

जिन्यात काकूंनी त्याला गाठलं.

“घेऊ नका,” त्या हळूच म्हणाल्या.

“काकू, विकायचाच नव्हता, तर काकांनी जाहिरात का दिली?”

“ह्यांनी कुठे? मी दिली.”

“तुम्ही? कशाला?”

“कान गेल्यापासून हे बोलतच नाहीत हो. माझ्याशी नाही, मुलीशी नाही. यंत्र लावून पाहिलं, काही उपयोग नाही. ओठांवरून सगळंच कळत नाही, मग चारचौघांत हसं होतं, म्हणून गप्पच बसतात.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “पण कुणी तो डबा बघायला आलं की तासभर असे बोलतात, पहिल्यासारखे. म्हणून मी जाहिरात देते. आणि कुणी घेऊन जाऊ नये म्हणून नावं ठेवते. आजवर जमलं. तुम्ही बधला नाहीत.”

तरुणाने गाडीची किल्ली खिशात टाकली. मग दोन दोन पायऱ्या चढत वर गेला आणि काकांच्या पुढ्यात उकिडवा बसला, तोंड त्यांना नीट दिसेल असा.

“काका, आज नाही नेत. माझ्या मेव्हण्याला आधी बघायचाय. तो फार चिकित्सक आहे. प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करतो.”

काकांनी त्याच्या ओठांवरून शब्द न् शब्द वेचला. मग हातातली वायर पुन्हा जागेवर खोचली.

“पाठवा त्याला,” ते म्हणाले. “आणि म्हणावं, घाईत येऊ नको.”