गाव हलवताना

"दादाला फोन लावावा लागेल," धाकटी म्हणाली.

काकूंची सुई शर्टाच्या काजात अर्ध्यावरच थांबली. गल्लीभर त्यांना काकूच म्हणत, गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी, अगदी घरमालकसुद्धा. आई म्हणणारी दोनच माणसं. त्यातल्या थोरल्याचं त्यांनी नाव टाकलं होतं, आणि ते टाकल्यापासून या खोलीत ते कुणी काढलं नव्हतं.

"खोकं तुझं, टीव्ही तुझा, पैसे तुझे. त्याचं काय मध्येच?"

टीव्हीखाली व्हिडिओ गेमची दोन खोकी शेजारीशेजारी मांडली होती. नवं लखलखीत आणि गप्प. जुनं पिठाच्या गिरणीसारखं घरघरत होतं. सकाळपासून ते मध्येच बंद पडत होतं, आणि दर वेळी धाकटी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसत होती, तापातल्या माणसाजवळ बसावं तशी.

"गाव त्याच्या नावावर आहे."

"कुठलं गाव?"

"खेळातलं. रोज बघतेस की, नाक मुरडून. वसवलं त्यानं. मी मागनं राहायला गेले. त्याचं प्रोफाइल नव्या खोक्यात आलं तर गाव येतं. नाहीतर नुसती मी येते. घर नाही, बाग नाही, काही नाही."

"म्हणजे तिथंसुद्धा सगळं स्वतःच्याच नावावर," काकू म्हणाल्या. "इथं जमलं नाही ते तिथं करून घेतलं."

धाकटी हसली नाही. पडद्यावर नदीकाठी दोन घरं होती. लाल छपराचं तिचं, दिवा लागलेलं. हिरव्या छपराचं बंद होतं. त्याच्या दारात मात्र गवताची काडी नव्हती. धाकटी कामावरून आली की आधी त्या दारातलं गवत उपटायची, मग स्वतःच्या घरात जायची. काकूंनी ते कितीदा तरी पाहिलं होतं. ते घर कुणाचं, हे कधी विचारलं नव्हतं.

"जाऊ दे मग. दुसरं वसव. हातपाय धड आहेत तुझे."

"आई," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही. "दिवसभर लोकांची बोलणी खाऊन मी तेवढ्यासाठी घरी येते. आणि हे खोकं संध्याकाळ बघेल असं वाटत नाही."

काकूंनी दोरा दातानं तोडला.

"लाव. पण स्पीकर लावायचा नाही. त्याचा आवाज नको मला या खोलीत."

धाकटीनं कुठं काही न शोधता भराभर नंबर दाबला.

"पाठ दिसतोय," काकू म्हणाल्या.

त्यावर धाकटीनं ताकास तूर लागू दिली नाही. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि कंट्रोलर दोन्ही हातांत घेतला. "दादा, आले का ओटीपीचे आकडे तुझ्या फोनवर? हं, सांग." पडद्यावर एकेक आकडा शोधत अंगठ्यानं सरकत जावं लागत होतं. निम्म्यावर आली आणि खांद्यावरचा फोन घसरून खाली गेला. तो उचलेपर्यंत पडद्यानं सांगून टाकलं, वेळ संपली.

तेवढ्यात जुन्या खोक्याची घरघर थांबली. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मोठा श्वास घ्यावा तसं करून ते पुन्हा सुरू झालं.

"दुसरे आकडे येतायत त्याला," धाकटी म्हणाली. "आई, तू धर फोन. तो सांगेल ते मोठ्यानं सांग. नाहीतर मला स्पीकर लावू दे."

"मोठी कारभारीण झालीस गं!"

पण काकूंनी सुई कापडात खोवली. हात पदराला पुसला. तापलेलं भांडं धरावं तसा फोन दोन बोटांत धरला आणि कानापासून थोडा लांबच ठेवला.

"आकडे सांग."

काकूंनी फोनकडे एकदा रोखून बघितलं.

"मुका झालास का? वेळ थोडा असतो म्हणे."

"आई?"

"आकडे सांग म्हटलं ना."

"चार," तो म्हणाला. आवाज बसलेला होता.

"चार," काकूंनी खोलीला सांगितलं.

"शून्य."

"शून्य."

"नऊ."

"नऊ." एव्हाना फोन कानाला टेकला होता.

पुढचा आकडा त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितला. त्यानंतर त्याला खोकला आला. बराच वेळ खोकला. धाकटी कंट्रोलर घट्ट धरून पडद्याकडे बघत होती. काकू थांबल्या. वेळ जातोय, असं त्या म्हणाल्या नाहीत.

"एक," तो म्हणाला.

"एक."

"सात."

"सात."

पडद्यावर थोरल्याचं नाव उमटलं, त्याच्याखाली धाकटीचं. एक बारीक रेघ डावीकडून भरत निघाली. जुनं खोकं जिवाच्या आकांतानं घरघरत होतं, पण चालत होतं. धाकटीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

"झालं, आई. गाव निघालं. आण फोन."

काकूंनी तिला हातानंच गप्प केलं.

"नीट ऐकू आलं नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. सावकाश सांग."