ईदनंतरचा झुरका

अम्मानच्या अबू रामिजना बायकोने बजावलं होतं, "ईदनंतर घरात सिगारेट दिसली, तर मला बहिणीकडे शोधायचं." म्हणून रमजानभर, रोजा सुटला रे सुटला की, ते वाएलच्या ई-सिगारेटच्या दुकानात जाऊन वेपसाठी तंबाखूच्या चवीचं एकेक लिक्विड ओढून बघत. प्रत्येक बाटली म्हणजे अमृत! कशीबशी त्यातली एक निवडली.

ईदच्या दुसऱ्याच दिवशी ते तणतणत दुकानात आले.

"लबाडा, हा तंबाखू आहे की उकडलेला पुठ्ठा?"

वाएलने बाटली हुंगली. "माल तोच आहे, काका. तेव्हा तुम्ही दिवसभराचे तहानलेले असायचात. अशा माणसाला इस्त्रीची वाफसुद्धा गोड लागते."

अबू रामिजनी चिडून बाकीच्या बाटल्याही ओढून पाहिल्या. सगळा पुठ्ठाच. वाएलच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते घरी गेले.



पुढच्या शुक्रवारी इमामसाहेबांनी भर मशिदीत त्यांना उभं केलं. "बघा, भक्ती म्हणतात ती ही! ईद होऊन गेली, तरी या माणसाचे रोजे अजून चालूच आहेत."